एड्सने पोरके, भाऊबंदकीने बेघर

१९८६ साली मद्रासमध्ये एच.आय.व्ही.ची लागण झालेले भारतातील पहिले रुग्ण आढळले. तेव्हापासून हा रोग कसा होतो आणि कसा होत नाही, हे आपण भिंतींवर, एस.टी. गाड्यांवर, आकाशवाणीवर वाचत आणि ऐकत आलो आहोत. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, बरोबर खेळल्याने लागण होत नाही, हे आज शाळकरी मुलेही सांगतात. परंतु या रोगाने आई-वडील गेल्यावर मागे राहिलेल्या मुलांचे काय होते, हा विषय मात्र दुसऱ्याच्या घरातला म्हणून आपण सोडून देतो. आजचा लेख या मुलांविषयी आहे.

जगात १८ वर्षांखालील सुमारे १ कोटी ४० लाख मुलांनी एड्समुळे आई, वडील किंवा दोघेही गमावले आहेत, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य मुले आफ्रिकेतील असली, तरी महाराष्ट्रानेही हे दुःख जवळून पाहिले आहे. सरकारी रुग्णालयांत या रोगावरील औषधे मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्यापूर्वी कित्येक घरांत आधी बाप गेला, मागून आई गेली आणि पोरे म्हाताऱ्या आजीच्या पदरात पडली. औषधांमुळे मृत्यू पुष्कळ कमी झाले, पण थांबलेले नाहीत. तपासणीच उशिरा होते, गोळ्या मध्येच सुटतात, आणि आणखी एक घर उघडे पडते.

अशा घरातले मूल म्हणजे रोगीच, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. कोणतेही उपचार झाले नाहीत तरी बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळे तेव्हाही सुटतात. आईने गरोदरपणापासून औषधे घेतली आणि बाळालाही दिली, तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या अंगात काही महिने राहतात, त्यामुळे तान्ह्या बाळाची साधी चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणून त्याला लागण झालीच असे होत नाही. त्यासाठी सहाव्या आठवड्यापासून वेगळी तपासणी करतात आणि अठराव्या महिन्यात शेवटची खात्री करून घेतात. त्याआधी कोणी मुलावर शिक्का मारू नये.

गैरसमजाची किंमत मुलांनी किती मोजली, याची उदाहरणे आहेत. २००३ साली केरळातील कोल्लम जिल्ह्यात दोन अनाथ भावंडांना शाळेची दारे बंद झाली. तेव्हाच्या केंद्रीय आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी त्या मुलांना जवळ घेतल्याचे छायाचित्र देशभर गाजले. त्यानंतरही, २००९ साली, लातूर जिल्ह्यातील हासेगावात बाधित मुलांना शाळेत घेतले म्हणून गावकऱ्यांनी आपली मुले शाळेत पाठवणे थांबवले होते.

माझ्या दवाखान्यात आलेल्या एका आजीची हकिगत सांगतो. मुलगा आणि सून दोघेही गेलेले, पदरात दोन नातवंडे. दोघांच्या तपासण्या झाल्या होत्या, दोघांनाही लागण नव्हती. तरी सख्खा चुलता त्यांना गोठ्यालगतच्या खोलीत झोपवी, त्यांची ताटे-वाट्या वेगळ्या ठेवी. मात्र त्यांच्या बापाच्या वाट्याची दोन एकर जमीन तोच कसत होता. पोरांच्या ताटाची त्याला भीती वाटत होती, त्यांच्या जमिनीची वाटत नव्हती!

पुढे अशा आणखी काही कहाण्या ऐकल्यावर माझे मत पक्के झाले आहे. रोगाची भीती हे अनेकदा निमित्त असते. खरा डोळा घरावर आणि शेतावर असतो. 'त्यांना आश्रमात नेऊन सोडा' हा सल्ला देणाऱ्यांत वाटणीचे भागीदार किती, हे एकदा मोजून पाहावे.

पंढरपूरची 'पालवी', हासेगावचे 'सेवालय' अशा संस्थांनी या मुलांना छत दिले. त्यांचे ऋण फिटणारे नाही. पण संस्था ही ज्याला खरोखरच कोणी नाही त्याच्यासाठी असावी. आजी, मामा, आत्या, चुलता असलेल्या मुलाला तिकडे धाडणे म्हणजे आपले कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे होय.

आरोग्याच्या सदरात जमीनजुमल्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. लागण झालेल्या मुलाचे औषध रोज, ठरल्या वेळी आणि जन्मभर घ्यायचे असते. ते नीट घेतले तर मूल शिकते, नोकरी करते, संसार करते. डोस चुकत गेले तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. गोळीची वेळ मूल सांभाळत नाही, घरातले मोठे माणूस सांभाळते. ज्या मुलाला आज मामाकडे, उद्या आत्याकडे फिरवले जाते, त्याची गोळीची डबी कोणत्या तरी घरी राहून जाते. म्हणून हक्काचे छप्पर हाही त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

यासाठी कायदा आहे, पण तो फारसा कोणाला ठाऊक नाही. एच.आय.व्ही.-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशात लागू आहे. प्रवेशासाठी शाळेला रक्ततपासणीची अट घालता येत नाही. बाधित आई-वडील हयात असतानाच मृत्युपत्र करून विश्वासाच्या नातेवाइकाला किंवा मित्राला मुलांचा पालक नेमू शकतात. घरात मोठे कोणी नसेल, तर १२ ते १८ वर्षांचे समजूतदार भावंडही धाकट्यांचे पालक म्हणून शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते यांचे व्यवहार पाहू शकते. मुलांच्या मालमत्तेची कागदपत्रे बाल कल्याण समितीकडे सुरक्षित ठेवता येतात, आणि कोणी त्यांना घराबाहेर काढले तर तेथेच तक्रारही करता येते.

म्हणून बाधित आई-वडिलांना माझे कळकळीचे सांगणे आहे. गोळ्या चालू ठेवा, तुम्हीच मुलांना वाढवाल. पण कागद आजच करा. मुलांची तपासणी करून घ्या. पालक कोण, हे लिहून ठेवा. घरातील कोणी गेलेच, तर मागे राहिलेल्यांनी वारसनोंद लांबवू नये. सातबाऱ्यावर मुलांची नावे अज्ञान पालनकर्त्यासह लागली आहेत का, ते तलाठ्याकडे जाऊन पाहावे. हिंदू कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या नावावरील जमीन पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही.

जे नातेवाईक मुलांना सांभाळायला तयार आहेत, पण ऐपत नाही, त्यांनी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करावी. तिची रक्कम २०२३ साली दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. रोगाविषयी शंका असल्यास १०९७ आणि मुलांवर अन्याय होत असल्यास १०९८ हे दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहेत.

शेवटी सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांना विनंती. तुमच्या गावात असे घर असेल तर त्या मुलांचा बाप कशाने गेला याची चर्चा करू नका. तसे जाहीर करणे कायद्यालाही मान्य नाही. मुले शाळेत येतात का, पोटभर जेवतात का, आणि बापाच्या घरातच राहतात का, एवढे पाहा. आई-बाप परत आणून देणे आपल्या हाती नाही. त्यांचे घर कोणी बळकावू नये, एवढे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे.