‘संशयकल्लोळा’वर कात्री

आमच्या वसईकडील हौशी मंडळी देवलांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ बसवू लागली, की दिग्दर्शक प्रथम कात्री उचलतात! पदे गाळावयाची आणि फाल्गुनरावास विदूषक करावयाचे, म्हणजे प्रेक्षक हसतील, हा त्यांचा सिद्धान्त. तो सर्वथा चुकीचा होय. मोलियेरच्या १६६० मधील प्रहसनावर आधारलेले हे कथानक देवलांनी आधी गद्यात रचले होते. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले ते पदांसह. तसबिरीवरून पेटलेला संशय फाल्गुनरावाला खराच वाटतो, म्हणून आपण हसतो. नटच स्वतःस हसू लागला, तर प्रेक्षकांनी काय करावे? अश्विनशेट-रेवतीचे प्रेम पटते ते पदांतून. तेच कापल्यावर संशयाने मोडावयाचे काय उरले? गाता येत नसेल, तर खुशाल गद्य नाटक करावे!