दाढ गेली, कळ राहिली

सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या वाऱ्याच्या भरवशावर. चेहऱ्याच्या त्रिशाख मज्जातंतूच्या दुखण्याने (ट्रायजेमिनल न्यूराल्जिया) गाठलेल्या माणसाचा मात्र तोच वारा वैरी. पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून एमआयडीसीकडे निघावं, गालाला झुळूक लागावी आणि जबड्यातून वीज सळसळावी. घास चावताना, दात घासताना, नुसतं बोलतानाही तेच. कळ काही सेकंदांचीच, पण माणूस जागीच थिजतो. संशय दाढेवर जातो. दाढ निघते, कळ राहते.

मग कुणीतरी सांगतं, ‘मेंदूतलं केमिकल बिघडलंय, सेरोटोनिन कमी झालंय.’ हे ऐकायला शास्त्रीय वाटतं आणि रुग्णाला दोषही देत नाही, म्हणून चटकन पटतं. पुरावा काय, तर अमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची गोळी चेहऱ्याच्या दुखण्यावरही चालते. या न्यायाने क्रोसिन घेऊन डोकं दुखायचं थांबलं, तर अंगात क्रोसिनची कमतरता होती म्हणायची! हे असंतुलन मोजणारी रक्ततपासणीही कोणत्याच लॅबमध्ये होत नाही. खुद्द नैराश्यातही सेरोटोनिन कमी असल्याचा ठाम पुरावा सापडत नाही, असं मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये मांडलं. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांत वाद झाला. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकीही अनेकांनी ‘एक रसायन कमी, म्हणून आजार’ हे सोपं गणित आपण केव्हाच सोडल्याचं सांगितलं.

विजेसारख्या कळेचं कारण तर बहुतेकदा रसायनाआधी रक्तवाहिनीत सापडतं. मेंदूच्या बुडाशी एखादी धमनी मज्जातंतूच्या मुळावर टेकते, त्याचं आवरण झिजतं आणि उघड्या तारांसारखे संदेश एकमेकांत घुसतात. शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1934 मध्ये हा दाब नोंदवला. पीटर जॅनेटा यांनी 1967 पासून सूक्ष्मदर्शकाखाली तो सोडवण्याची शस्त्रक्रिया रुळवली. 1962 पासून या दुखण्यावर वापरात असलेलं कार्बामाझेपिन हे औषध मुख्यतः मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटा आवरतं. सेरोटोनिन वाढवणं हे त्याचं काम नव्हे. अभिनेता सलमान खानने 2011 मध्ये याच आजारावर अमेरिकेत उपचार घेतले, तेव्हा कुठे आपल्याकडे घराघरांत हे नाव पोचलं.

मग रसायनं निर्दोष? तसंही नाही. जिथे कळेऐवजी महिनोन्‌महिने ठणका लागतो आणि स्कॅनमध्ये काही दिसत नाही, तिथे त्यांचा हात असू शकतो. मेंदूच्या देठातून खाली येणारे तंतू वेदनेला लगाम घालतात, आणि सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे त्यांचे निरोपे. संशोधक डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी 1969 मध्ये उंदरांच्या मध्यमेंदूला सूक्ष्म वीजप्रवाह दिला आणि भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. लगामाची ताकद त्यातून दिसली. पाटाला पाणी असून दारं नीट धरली नाहीत तर एक वाफा तुंबतो आणि दुसरा कोरडा राहतो. जुनाट वेदनेतला बिघाड बराचसा असा आहे. अमिट्रिप्टिलीन ही दारं धरायला मदत करतं, तेही नैराश्यावरच्या मात्रेपेक्षा सहसा कमी मात्रेत आणि रुग्ण उदास नसला तरी.

म्हणूनच ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हेही तितकंच चूक. जागरण आणि काळजीने ठणका वाढतो, पण वाढणारा ठणका खराच असतो.

दाढेला पक्कड लावण्यापूर्वी एवढं विचारायला हवं: वीज चमकते की ठणकतं? वाऱ्याने, घासाने सुरू होतं का? सेकंद टिकतं की दिवसभर? कार्बामाझेपिन सुरू झालंच, तर मधूनमधून रक्तातलं सोडियम तपासावं लागतं, आणि अंगावर लाल पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो.