राजा, प्रधान आणि दश्शी

कोल्हापूरच्या तरुण चित्रकारास पत्त्यांचा जोड रंगवावयास सांगितला, तर तो प्रथम राजा चितारावयास घेईल, आणि आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांच्या या नगरीत मानवाकृतीची जी उपासना होत आली तिच्या पुण्याईने तो राजा देखणाही वठेल; परंतु पत्त्यांच्या संकल्पनाची खरी कसोटी राजाच्या पानावर लागत नाही, हे आम्ही आपल्या व्यवसायबंधूंस आज आग्रहपूर्वक सांगू इच्छितो.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस गेले, म्हणजे याचा प्रत्यय येतो. तेथील चिताऱ्यांच्या दशावतारी गंजिफेत 120 गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. म्हणजे राजाप्रधानांच्या वाट्यास अवघी वीस पाने येतात, आणि उरलेल्या शंभरांवर मासा, कासव, परशू अशा चिन्हांचाच अंमल चालतो. त्यातही पाच रंगांत प्रधानाखालोखाल दश्शीचा मान, तर उरलेल्या पाचांत एक्क्याचा; दिवसा डावाचा आरंभ रामाच्या राजाने व्हावयाचा, रात्री कृष्णाच्या. दिव्याच्या उजेडात खेळणाऱ्यास हा सारा हिशेब क्षणार्धात उमगावा, म्हणून प्रत्येक रंगाची जमीन निराळी आणि चिन्हांची मांडणी नेटकी ठेवावी लागते. मोगली गंजिफेच्या 96 पानांत तर ताज, शमशेर व गुलाम यांच्या पंक्तीस बरात, म्हणजे खजिन्यावरील हुकूमनामा, येऊन बसतो. दौलतीचा कारभारच तेथे रंगांत विभागला आहे.

कागदी पत्त्यांची जन्मभूमी मानल्या जाणाऱ्या चीनमध्येही हीच शिस्त दिसते. सतराव्या शतकात छेन होंगशौ या थोर चित्रकाराने ‘शुइहू’ कादंबरीतील 40 बंडखोर वीर मद्यपानाच्या खेळासाठी पानांवर उतरविले. रेषा इतकी समर्थ, की प्रत्येक वीर स्वतंत्र चित्र म्हणून मिरवावा, तथापि पानाचे नाण्यांतील मूल्य आणि पेला कोणी रिचवावा याची आज्ञा यांस त्याने जागा नाकारली नाही. उलट म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी 360 पानांपर्यंतचे जोड योजिले, विद्वत्ता ओतली. पण खेळ मात्र लोकांच्या अंगवळणी पडला नाही.

सावंतवाडीची मृतप्राय कला शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात चिताऱ्यांस आश्रय देऊन सावरली, आणि 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि मानांकनाने नाव राखले जाते, खेळ राखला जात नाही. काचेच्या पेटीत टांगलेली गंजिफा ही दफ्तरदाखल झालेली सनद होय. ज्यांस चिनी पुराणे, शिवकाल अथवा करवीरमाहात्म्य पानांवर आणावयाचे असेल, त्यांनी खुशाल आणावे. मात्र आधी एक्का ते दश्शीची पाने रेखाटावीत, ती चार जणांच्या हाती देऊन दिव्याखाली डाव मांडावा, जेथे खेळणारा अडखळेल तेथे चिन्ह सुधारावे, आणि मगच राजाच्या मुकुटास सोनेरी रंग लावावा. अशा कसोटीस उतरलेले जोड आमच्याकडे पाठवावेत. त्यांस या मासिकात आनंदाने स्थान देऊ.