नानीच्या विहिरीचा रकाना

मागच्या हिवाळ्यात आमच्या चुलतीच्या, म्हणजे नानीच्या ओट्यावर कॉलेजची चार मुलं बसली होती. हातात चार पानी प्रश्नावली. घरात माणसं किती, जनावरं किती, शौचालय आहे का, गॅस कुणाच्या नावावर. नानी वाटाण्याच्या शेंगा सोलत एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती. शेवटचं पान उलटलं तशी ती म्हणाली, "पोरांनो, आता माझं एक सांगा. माझी विहीर संक्रांतीला तळ गाठती. बांधापलीकडं धाकट्या दिराची विहीर, शंभर पावलंसुद्धा लांब नाही, ती पाडव्यापर्यंत पाणी देती. खोली सारखीच. मग असं का?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. एका मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "आजी, यात तसा रकाना नाही."

चहा घेऊन मुलं पुढच्या घरी गेली. त्या प्रश्नावल्यांचं पुढं काय झालं, ते गावात कुणालाच कळलं नाही. धाकट्या दिराची म्हणजे आमचीच विहीर, म्हणून असेल, पण मुलीचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आपला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. शेजारच्या गावात पाऊस झाला म्हणजे आपल्याकडं होईलच असं नाही. अशा मुलखात म्हाताऱ्या बाईनं चाळीस वर्षं दोन विहिरी बघून काढलेला प्रश्न हा अस्सल संशोधनाचा विषय आहे. मुरमाचा थर कुठं किती जाड, खालचा काळा पाषाण कुठं फुटलेला आणि कुठं सलग, वरच्या अंगाला बोअर किती झाले, यात कुठंतरी त्याचं उत्तर असणार. भूगोलाच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल एवढं काम तिथं आहे. लागतं काय? एक टेप, एक वही आणि दर महिन्याला त्याच तारखेला त्याच काठावर येऊन उभं राहण्याची चिकाटी.

शिकलेल्या माणसानं गावाशी कसं वागावं, हा धडा पारनेरला नवा नाही. १२ नोव्हेंबर १८८० ला इथं जन्मलेले पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकायला एडिंबरोला गेले होते. गावी परतल्यावर पहाटे उठून त्यांनी रस्ते झाडले, शौचकूप साफ केले. मुळशी सत्याग्रहानं त्यांना सेनापती केलं ते त्यानंतर. गावाची गरज आधी बघायची आणि मग हात घालायचा, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

२४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात ती ३७ विद्यापीठांत सुरू झाली. मीही तिचा स्वयंसेवक होतो. सात दिवसांच्या शिबिरात शाळेच्या पडवीत झोपलो, टिकाव धरायला शिकलो, हाताला फोड आले. त्या सात दिवसांचं ऋण मी मानतो. पण आम्ही ज्याला 'दत्तक गाव' म्हणायचो, तो शब्द मला आता सलतो. गावाला आईबाप आहेत, ग्रामसभा आहे, शेकडो वर्षांचं शहाणपण आहे. त्याला दत्तक कशाला घ्यायचं? त्याच्याशी सोयरीक करावी. सोयरिकीत दोन्हीकडून येणंजाणं असतं.

असं येणंजाणं मी पाहिलंय. एका वर्षी आमच्याकडं कृषिकन्या आल्या होत्या. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी मुलं-मुली काही महिने गावात राहतात, त्यातल्या. त्यांनी नानीच्या रब्बीच्या रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेतले, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडली, गोणपाटावर पसरून तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा चार केले. अर्धा किलो उरली ती कापडी पिशवीत भरली, आत नावाची चिठ्ठी. नानीला वाटलं, गेली माती. दिवाळीच्या सुट्टीत त्यातली एक मुलगी एसटीनं आली, अहवाल घेऊन. तिचे मार्क तोवर मिळून गेले होते. तिनं ओट्यावर बसून कागद वाचून दाखवला आणि सांगितलं, "आजी, तुमची जमीन हलकी. पुढच्या वर्षी फुले अनुराधा पेरून बघा."

इथं विद्यापीठाचं मोठेपण दिसतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे दिले. हलक्या जमिनीला अनुराधा, मध्यमला सुचित्रा, भारीला वसुधा. सगळ्यांना एकच बी सांगण्यापेक्षा कुणाच्या रानात माती किती खोल आहे हे आधी विचारलं. माझ्या लेखी हीच भागीदारी. आणि त्या मुलीनं एसटीचं तिकीट काढून ती नानीच्या ओट्यापर्यंत आणली.

राळेगणसिद्धीला आजवर पाण्याच्या कामाचा अभ्यास करायला किती माणसं आली असतील! शेजारी नगर तालुक्यात हिवरे बाजारला गावकरी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाणी कमी असेल तर पीक बदलतात. तिथं गाव शिकवतं आणि पाहुणे वही काढतात. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र १९८५ पासून आहे, तिथले विद्यार्थी गावात मुक्काम करून पाणीयोजनांसारख्या प्रश्नांचा अभ्यास करतात. नेदरलँड्समध्ये तर १९७० च्या दशकातच विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' उघडली. सामान्य लोकांनी आपला प्रश्न घेऊन यायचं आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मदतीनं त्याचा छडा लावायचा.

तसं दुकान पारनेरलाही चालेल. पारनेर शहरातच पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे, आणि नव्या शैक्षणिक धोरणात समाजातल्या कामाला क्रेडिटही आहेत. माझी मागणी एवढीच की प्रत्येक ग्रामपंचायतीत प्रश्नांची एक वही असावी, कॉलेजनं विषय त्या वहीतून घ्यावेत, आणि जे सापडेल ते मराठीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावं, उत्तर सापडलं नसलं तरी. तीन-चार वर्षं तरी गाव तेच ठेवावं. दरवर्षी नव्या गावात नवा फलक लावला की विहीर कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हे मांडायचं मी ठरवलंय. परवा नानीला सांगायला गेलो तर ती पोहऱ्याचा दोर मांडीवर घेऊन बसलेली, हात-हात अंतरावर गाठी मारत. दोन्ही विहिरींत सोडून बघितला म्हणाली. नातीनं कालनिर्णयवर बॉलपेननं लिहून ठेवलंय: आपली नऊ गाठी, त्यांची आठ.