पावाला मान, कामगाराला नकार

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात २००२ साली एलिझाबेथ प्रूइट आणि चॅड रॉबर्टसन यांनी 'टार्टीन' नावाची बेकरी काढली. पावासाठी रांगा लागल्या. २०१६ मध्ये 'टार्टीन मॅन्युफॅक्टरी' हे मोठे रेस्टॉरंट उघडले आणि रविवारी उशिरा उठून ब्रंचला जाणाऱ्यांचे ते लाडके ठिकाण झाले.

फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या कामगारांनी युनियन जाहीर केली. पाव भाजणारे, कॉफी देणारे, भांडी घासणारे सगळे एकत्र आले. गोदी आणि गोदाम कामगारांची जुनी संघटना त्यांच्या पाठीशी होती. मागणी साधी होती: आमच्या युनियनला मान्यता द्या, आमच्याशी बोला. व्यवस्थापनाने आपणहून मान्यता द्यायला नकार दिला. मतदान घ्यावे लागले, मतांवरून वाद झाला आणि वर्षभराने, २०२१ मध्ये, युनियन जिंकली.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, त्या महागड्या पावाशी आपला काय संबंध?

संबंध आहे. जो प्रश्न टार्टीनच्या कामगारांनी विचारला, त्याचे उत्तर बाबासाहेबांनी १९४३ मध्येच लिहून ठेवले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. युनियनला मान्यता द्यायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर राहू नये, ती कायद्याने बंधनकारक असावी, हा त्याचा गाभा. पुढे १९४७ मध्ये तसा कायदा मंजूर झाला, पण तो कधी अमलातच आणला नाही! स्वतंत्र भारतातल्या सत्ताधाऱ्यांना कामगाराचे मत हवे होते, त्याचा हक्क नको होता.

आज मुंबई-पुण्यातल्या चकचकीत कॅफेंमध्ये आपल्या वस्त्यांतली मुले-मुली राबतात. मालक म्हणतो, 'आपण सगळे एका घरचे.' आम्ही विचारतो, घरचे असतील तर नेमणूकपत्र का नाही? जादा तासांचे पैसे का नाहीत? मालक स्वभावाने चांगला असेलही. पण चांगुलपणा आज आहे, उद्या नाही. हक्क कागदावर लागतो.

आणि नुसती युनियन पुरेशी नाही. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. कामगार एकतेच्या घोषणा देणाऱ्यांनी ती भिंत पाडली नाही. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या परिषदेत रेल्वे कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, ते उगाच नव्हे. म्हणून आजही विचारा: काउंटरवर कोण उभा आहे, भट्टीवर कोण आहे आणि मोरीपाशी कोण? हा प्रश्न जी युनियन विचारणार नाही, ती आपली नव्हे.

ट्रेड युनियन नोंदवायला किमान सात माणसे लागतात. एका कॅफेत सात नसतील, तर एका रस्त्यावरच्या चार कॅफेंत मिळतील. जयंतीच्या वर्गणीसाठी आपण सात जण एका संध्याकाळी जमवतो. हक्कासाठीही जमवूया.

जय भीम!