आकडा आणि श्वास

मृग लागला की नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर मत्स्यप्रसादासाठी दम्याच्या रुग्णांची रीघ लागते. त्याविषयीचे माझे मत आपणांस ठाऊकच आहे. आज लिहावयाचे आहे ते आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, एका श्रद्धेविषयी. ती बोटाला चिमट्यासारखी लावता येते.

गेल्या पावसाळ्यात एका मातेचा काचीगुड्याहून रात्री फोन आला. "डॉक्टर, धाप लागलीय, पण मशीनवर ९६ आहे. सकाळी आणलं तर चालेल ना?" मी मुलाला फोन द्यावयास सांगितले. आठ वर्षांचा तो मुलगा दोन-दोन शब्दांवर थांबत होता. त्यांना जवळच्या रुग्णालयात धाडून मीही तेथे पोहोचलो, तोवर नेब्युलायझर देऊन त्याला घरी पाठविण्याची तयारी चालली होती. केसपेपरवर '९६' ठळक. श्वासगतीची जागा कोरी. मी मोजली, मिनिटाला ४८. बरगड्यांमधील जागा आत ओढली जात होती.

दोष ऑक्सिमीटरचा नव्हे. आमच्या निवासी काळात वॉर्डात तो नव्हता. ओठ निळे पडेपर्यंत कळत नसे. पहिलाच आकडा ९२ च्या खाली आला, तर मूल दाखल करावे, याविषयी दुमत नसावे. प्रश्न चांगल्या आकड्याचा आहे. झटक्याच्या आरंभी मूल जिवाच्या आकांताने श्वास घेऊन प्राणवायू टिकवून धरते. ते श्रम आकड्यात उमटत नाहीत. मूल थकले की कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, आणि ऑक्सिजन चालू असेल तर यंत्र तेव्हाही खुशाल ९७ दाखवीत राहते. शिवाय सावळ्या त्वचेवर ते कधी वास्तवाहून चढा आकडा देते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर याकडे जगाचे लक्ष गेले. आपल्या मुलांच्या बाबतीत ते विसरून कसे चालेल?

म्हणून पहिला आकडा ऑक्सिजन लावण्यापूर्वी घ्यावा (मूल निळे दिसत असेल तर अर्थातच थांबू नये), आणि त्याच्या शेजारी पूर्ण मिनिट मोजलेली श्वासगती व मूल एका दमात किती बोलते, हे लिहावे. त्यास घड्याळाखेरीज काही लागत नाही. रात्रपाळीच्या गर्दीत वेळ नसतो, हे मला मान्य नाही. मिनिट ते मिनिटच.

तो मुलगा तिसऱ्या दिवशी घरी गेला. त्याची आई आता फोनवर आधी श्वास किती ते सांगते, मग आकडा.