मलमपट्टी करणाऱ्याचा खेळ

मुलांच्या ऑनलाइन खेळांविषयी पालक आमच्याशी बोलतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो: किती वेळ खेळू द्यावं? मूल त्या खेळात नेमकं काय काम करतं, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही अशा एका कामाविषयी लिहीत आहोत. खेळणारे त्याला ‘सपोर्ट क्लास’ म्हणतात. इथे क्लास म्हणजे शिकवणी नव्हे, तर खेळातल्या पात्राचा पेशा. कुणी तलवारबाज, कुणी तिरंदाज, कुणी जादूगार. सपोर्ट म्हणजे असा गडी, ज्याचं पहिलं काम शत्रूला मारणं नसून सोबत्यांना जगवणं आणि त्यांचं बळ वाढवणं हे आहे.

हा पेशा जुना आहे. १९९९ साली आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये क्लेरिक नावाचं पात्र जखमा बरी करी. त्याचा सर्वांत मोठा मंत्र पुरा व्हायला १० सेकंद लागत. एवढ्या वेळात पुढे लढणारा गडी मरून जाई. म्हणून मोठ्या लढाईत अनेक क्लेरिक पाळी लावत. पहिल्याचा मंत्र अर्ध्यावर असतानाच दुसरा आपला मंत्र सुरू करी. एकाची पाळी चुकली की सगळ्यांची मेहनत पाण्यात.

आज हे काम समजून घ्यायला ‘फायनल फँटसी १४’ हा जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा खेळ सोयीचा आहे. तो संगणकावर किंवा कन्सोलवर चालतो. त्यातल्या साध्या मोहिमेत चौघांची टोळी असते. एक टँक, म्हणजे शत्रूचे घाव अंगावर घेणारा. एक हीलर, म्हणजे मलमपट्टी करणारा. बाकीचे दोघे शत्रूला मारणारे. मोठ्या लढाईत आठ जण असतात: दोन टँक, दोन हीलर, चार मारणारे. मारणारा व्हायला सगळेच तयार असतात, म्हणून त्यांना टोळी मिळायला बराच वेळ थांबावं लागतं. हीलरला बहुतेक वेळा लवकर बोलावणं येतं. ज्या कामाला माणसं कमी पडतात, त्यासाठी खेळच जास्तीचं बक्षीस ठेवतो.

या खेळात हीलरचे चार प्रकार आहेत. व्हाइट मेज सरळ जखमा भरतो. अ‍ॅस्ट्रोलॉजियनही जखमा भरतो, शिवाय पत्ते काढून सोबत्यांचा जोर वाढवतो. स्कॉलर घाव बसण्याआधीच ढाल चढवतो, आणि त्याच्यासोबतची छोटी परी आपणहून जखमा भरत राहते. सेज शत्रूवर मारा करतो आणि त्या माऱ्यातूनच ठरवलेल्या सोबत्याला बरं करतो. आठांच्या लढाईत एक मलम लावणारा आणि एक ढाल देणारा, अशी जोडी चांगली जमते. नव्या मुलानं कॉन्जरर म्हणून सुरुवात करावी. तिसाव्या पातळीला तोच व्हाइट मेज होतो. त्याचं काम सरळ आहे, त्यामुळे हात बसतो. सेज मात्र सत्तराव्या पातळीच्या आधी मिळतच नाही.

आता खेळण्याविषयी. नवा हीलर सगळ्यांचे प्राण सतत काठोकाठ भरत बसतो. त्याची जादूची शक्ती संपते, आणि खरा मोठा घाव येतो तेव्हा हात रिकामे असतात. अनुभवी हीलर कमी मलम लावतो. पुढचा घाव कधी आणि कुणाला बसणार, हे त्याला ठाऊक असतं. तो आधीच हळूहळू भरणारा मंत्र लावून ठेवतो आणि मोकळ्या वेळात शत्रूवर मारा करतो. अवघड लढायांना वेळेची मर्यादा असते. हीलर नुसता बघत राहिला तर सगळे जिवंत असूनही लढाई हरते. आपल्याकडून खेळताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या खेळाची सर्व्हर केंद्रं जपान, अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाकडे आहेत. बटण दाबल्यावर काम थोडं उशिरा होतं, म्हणून इथल्या हीलरला घाव आधी ओळखणं जास्त गरजेचं आहे.

दुसरी गोष्ट, टँकच्या जवळ राहावं. जखमा भरल्या की शत्रूचं लक्ष हीलरकडे वळतं. घाबरून दूर पळणाऱ्या हीलरच्या मागे शत्रू लागला, तर टँकला त्याला आवरणं कठीण जातं.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. सगळ्यांना एकाच वेळी वाचवता येत नाही. चौघांच्या टोळीत एकच हीलर असतो. तो पडला की सगळेच पडण्याची वेळ येते, म्हणून आधी स्वतःला सांभाळायचं. मग टँक, मग इतर. जमिनीवर नारिंगी खूण दिसत असतानाही जो त्यातून हलत नाही, त्याच्यावर सगळी शक्ती खर्च करायची नसते. पडलेल्याला उठवण्याचा मंत्र असतो, पण तो महाग आहे. हा क्रम ठरवणं कठोर वाटतं. तरी घरात एकाच वेळी तिघं आजारी पडल्यावर जिनं घर सांभाळलं आहे, त्या आमच्या वाचक भगिनीला तो समजावून सांगावा लागणार नाही.

आणि या कामाचं दुखणंही तिच्या ओळखीचंच आहे. सगळं सुरळीत पार पडलं तर हीलर कुणाला आठवत नाही. कुणी पडलं की पहिला बोल त्यालाच. खेळाच्या शेवटी प्रत्येकाला एका अनोळखी सोबत्याला शाबासकी देता येते. आपल्याबरोबर आधीपासून आलेल्या मित्राला मात्र ती देता येत नाही. हा नियम आम्हाला आवडला. शाबासकी दोस्तीला नाही, कामाला मिळते.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकते. चुलत-मावस भावंडं मिळून खेळायला बसली की ‘तू मुलगी आहेस, तू हीलर हो’ किंवा ‘तू धाकटा, तू मागे राहा’ असं सर्रास ठरतं. हे काम कमी दर्जाचं म्हणून कुणाच्या गळ्यात घालण्याचं नाही. लढाईचा सगळा पट ज्याला एकदम दिसावा लागतो, तो हीलरच. ज्याला ते आवडतं त्यानं ते आपणहून घ्यावं, मग तो मुलगा असो वा मुलगी. आणि जिला तलवार हवी, तिला तलवार मिळावी. या खेळात हत्यार बदललं की त्याच पात्राचा पेशा बदलतो, त्यामुळे पाळीपाळीनं काम वाटून घ्यायला काहीच अडचण नाही.

पालकांसाठी थोडं कामाचं. अमेरिकेत या खेळाला किशोरांसाठीचा शिक्का आहे, युरोपात १६ वर्षांचा. घरातल्या मुलाचं वय पाहून ठरवावं. पैसे भरण्याआधी सत्तराव्या पातळीपर्यंत फुकट खेळता येतं, त्याला दिवसांची मर्यादा नाही. फुकट खात्यातून अनोळखी माणसाला आपणहून खासगी निरोप पाठवता येत नाही, ही त्यातली जमेची बाजू.

राहिला वेळेचा प्रश्न. मोहीम सुरू झाली की मध्येच थांबवता येत नाही. चौघांतला हीलर उठून गेला तर बाकी तिघं अडकतात, आणि ती तिन्ही माणसं खरी असतात. म्हणून दस्तरखान मांडल्यावर ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हणण्यापेक्षा करार आधी करावा. जेवणाला अर्धा तास उरला असेल तर नवी मोहीम सुरू करायची नाही, हे मुलानं पाळायचं. सुरू झालेली मोहीम पुरी होऊ द्यायची, हे आपण पाळायचं. जे मूल तीन अनोळखी माणसांना अर्ध्यावर सोडत नाही, ते जेवायला बोलावल्यावर अम्मीलाही ताटकळत ठेवणार नाही, एवढी अपेक्षा आपण त्याच्याकडून जरूर करावी.